घडीची सायकल

मलकापूरला उतरले तेव्हा ऊन नुकतंच फलाटावर आलं होतं. माझ्याबरोबर एक सायकल होती, पण ती सायकलीसारखी दिसत नव्हती. दोन्ही चाकं एकमेकांवर, हँडल खाली दुमडलेलं, आणि वरून मीच शिवलेली जुन्या चादरीची पिशवी. बाकावरच्या एका बाईंनी विचारलं, "शिलाई मशीन हाये काय वं?" मी "हो" म्हणून टाकलं. अनोळखी माणसाशी बोलणं वाढू नये म्हणून मी बरेचदा असं करते. त्यावर त्यांनी त्यांच्या सुनेच्या मशीनची सगळी हकिकत सांगितली आणि मी ती ऐकत उभी राहिले.

भाऊजी मोटरसायकल घेऊन आले. भाऊजी म्हणजे माझ्या मावसबहिणीचे, वर्षाताईचे यजमान. त्यांनी सायकल उचलून पाहिली, "वजनदार हाये बरं," म्हणाले आणि पेट्रोलच्या टाकीवर आडवी ठेवून दिली. मी मागे बॅग धरून बसले.

"घडी होते म्हनून बरं हाये," वाऱ्यात ते ओरडून म्हणाले. "नाईतर कशी नेली असती आपन?"

मला ते कौतुक वाटलं. ते कौतुकच होतं. पण पुढे जे झालं ते सगळं त्या वाक्यात होतं, आणि मी खुशीत कपाशीची शेतं बघत चालले होते.

ताईच्या गावाचं नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. नांदुऱ्याकडे जाणाऱ्या हायवेवर एक फाटा आहे, तिथून आत वळलं की काळ्या मातीतून जाणाऱ्या अरुंद डांबरी रस्त्याच्या टोकाला ते आहे. ताई आमच्या घरी पुण्यात राहून लॅब टेक्निशियनचा कोर्स शिकली. लग्नानंतर मलकापूरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तिला काम मिळालं. रक्त द्यायला लोक उपाशीपोटी येतात, त्यामुळे तिथे सकाळची वेळ पाळावीच लागते. आणि फाट्यापर्यंत यायला काळी-पिवळी जीप. ती पूर्ण भरल्याशिवाय हलत नाही. ती हलेपर्यंत एसटी निघून गेलेली. लॅबच्या मॅडमनी ताईला शेवटचं सांगितलं होतं: हा महिना वेळेवर आलीस तर ठीक, नाहीतर मी दुसरी मुलगी बघते.

ताईने आधी पुतण्याची साधी सायकल वापरून पाहिली होती. फाट्यावरच्या हॉटेलमागे लावायची. एका संध्याकाळी तिची सीट गेली, नंतर एकदा वॉल्व. एसटीत सायकल चढवू देत नाहीत. म्हणून तिने मला फोन केला. घडी होणारी सायकल मिळाली तर घरून फाट्यापर्यंत चालवायची, घडी घालून एसटीत ठेवायची, मलकापूरच्या स्टँडवर उघडून लॅबपर्यंत जायचं. कुणाची वाट बघायची नाही. "बाकी तुला कळतं," ती म्हणाली होती, "फक्त ओढणी चाकात जायला नको आणि पाय वर टाकून बसायला लागायला नको."

मला कळतं असं तिने म्हटल्यामुळे मी फार मन लावून निवडली. पुण्यात दुकानांमधून फिरले. एक सायकल एका हाताने उचलता येईल इतकी हलकी होती, पण तिला मडगार्ड नव्हतं, कॅरिअर नव्हता आणि चेन उघडी. दुसरीचा दांडा उंच. दुपारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणी नसताना आईची साडी नेसून मी दुकानातून चालवायला आणलेल्या सायकलवर चढून-उतरून पाहिलं. शेवटी घेतली ती जड होती, पण तिचा दांडा घोट्याच्या जरा वर, म्हणजे चढताना पाऊल नुसतं पलीकडे ठेवायचं. चेनकव्हर दुकानदाराने लहान मुलांच्या सायकलचं बसवून दिलं. बिजागरी पक्की होती. कडी उघडली की चटकन घडी व्हायची. मी पुन्हा पुन्हा करून पाहिली ती घडीच.

घरी

ताईच्या सासूबाईंना तिथे सगळे आत्याबाई म्हणतात, सासऱ्यांना मामाजी. मीही तेच म्हणायला लागले. मामाजी उंच, पांढऱ्या टोपीतले, फार कमी बोलणारे. मीही कमी बोलते, त्यामुळे आमचं दोघांचं चांगलं जमलं, म्हणजे आम्ही एकमेकांना त्रास दिला नाही.

जेवायला वांग्याचं भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी होती. आमच्याकडे भरितात दही किंवा शेंगदाण्याचं कूट असतं. इथे हिरव्या मिरच्या वांग्याबरोबरच ठेचलेल्या. मला तिखट सोसेना आणि ते लपवताही येईना. आत्याबाईंनी काही न बोलता माझ्या ताटात कच्च्या तेलाची धार सोडली.

मग माझी बॅग उघडली. सायकल चालवणाऱ्या बायकांसाठी म्हणून पुण्यात जे जे मिळतं ते मी ताईसाठी आणलं होतं. घाम शोषणारे टी-शर्ट, अंगाला चिकटणारी विजार, बसायच्या जागी जाड गादी शिवलेली आखूड चड्डी, अंधारात चमकणारं पिवळं जाकीट. आत्याबाईंनी ती गादीवाली चड्डी दोन्ही हातांनी वर धरली.

"हे काय वं? लेकराचं लंगोट?"

"सीट टोचू नये म्हणून असतं, आत्याबाई," ताई म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं.

"बाप्पा! एवढं टोचते तं बसता कशाले त्याच्यावर?"

पिवळं जाकीट भाऊजींनी घालून पाहिलं. "हायवेचं काम चालू हाये ना, तिकडं डायरेक कामाले लागून जाईन मी याच्यावर," म्हणाले. सगळे हसले, मीही. रागावण्यासारखं काही नव्हतं. मी ते कपडे परत बॅगेत भरले. पुण्यात सायकल चालवताना मी जे घालते ते इथे घालून ताईने पारावरून जायचं, ही कल्पना मला दुकानात का खटकली नाही कोण जाणे.

पाराचा विषय लगेचच निघाला. मारुतीच्या देवळापुढे पार आहे आणि सकाळी तिथे गावातली मोठी माणसं बसलेली असतात. सुनेने त्यांच्यासमोरून डोक्यावर पदर किंवा ओढणी घेऊन, पायी जायचं. सायकलवर बसून नाही. आत्याबाईंनी हे दटावून सांगितलं नाही, रस्ता सांगावा तसं सांगितलं: "टाकीपर्यंत हातात धरून ने, टाकीच्या पुढं बस." पाण्याची टाकी गावाच्या वेशीबाहेर आहे. ताई "हाव" म्हणाली. मला ते चमत्कारिक वाटलं, पण ताईने ते हिशेबात धरलेलंच होतं.

कपड्यांचा प्रश्न शेवटी आत्याबाईंनीच सोडवला. आखूड कुर्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना चांगल्या वरपर्यंत चिरा, म्हणजे गुडघे मोकळे. घोट्याशी घट्ट असलेली सलवार. ओढणी डोक्यावरून घेऊन, छातीवर फुली करून, कमरेमागे गाठ. आणि या सगळ्यावर भाऊजींचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट. कापूस वेचायला जाणाऱ्या बायका साडीवर असाच शर्ट घालतात, हात खरचटू नयेत आणि ऊन लागू नये म्हणून. ताई तसा शर्ट घालून अंगणात उभी राहिली तेव्हा ती एकदम इथलीच दिसली. लॅबचा पांढरा कोट पिशवीत.

"आता कोनी वळून पाहनार नाई," आत्याबाई म्हणाल्या.

रविवार

शेजारच्या मुलीची शाळेची सायकल मी मागून घेतली आणि आम्ही दोघी सराव म्हणून फाट्यापर्यंत गेलो. टाकीपर्यंत पायी. टाकीपाशी ताईने इकडेतिकडे पाहिलं, पाऊल पलीकडे ठेवलं आणि निघाली.

दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली होती. तुरीला पिवळी फुलं. उत्तरेकडे खूप लांब सातपुड्याची निळसर रेघ, बघत राहिलं तरच दिसणारी. माझी सायकल मोठ्या चाकांची असूनही ताई पुढे होती. लहान चाकांमुळे तिचे पाय भराभरा फिरत होते आणि शर्ट पाठीवर फुगला होता. मी शेजारी येऊन बिजागरी करकरते का, सीट उंच करू का, असं काहीतरी विचारायला लागले.

"थोडा वेळ बोलू नको गं," ताई म्हणाली.

तेव्हा मला समजलं की तिला नुसतं वेळेवर पोचायचं नव्हतं. घरात कुणी वाईट नव्हतं, पण त्या घरात ती दिवसभरात एकटी अशी कधीच नसायची. पुण्यात मला हे इतकं मिळतं की मी त्याला काही नाव दिलेलं नाही. तिला ते टाकी ते फाटा एवढंच मिळणार होतं.

फाट्यावर तिने चहा पाजला. सायकलची घडी घातली, उघडली, परत घातली. हॉटेलवाला आणि चार गिऱ्हाईकं बघायला आली. "आरं, हे तं छत्रीवानी मिटते!" एक जण म्हणाला.

सोमवारी सगळं ठरल्याप्रमाणे झालं. एसटीत शेवटच्या सीटमागे सायकल मावली. कंडक्टर म्हणाला, "ताई, हिचं अर्धं तिकीट काढू का पूर्न?" आणि काढलं नाही. ताईने दुपारी मला फोटो पाठवला: लॅबमध्ये रक्त फिरवायच्या यंत्राखाली, टेबलाच्या दोन पायांमध्ये बसलेली सायकल. मंगळवारीही ती वेळेवर पोचली. मॅडम पहिल्यांदाच हसल्या, असं ताईने घरी आल्यावर सांगितलं.

बुधवार

त्या दिवशी मलाही मलकापूर बघायचं होतं, म्हणून लवकर निघून आम्ही दोघी पायी चाललो होतो, सायकल ताईच्या हातात. टाकी मागे पडली आणि पाठीमागून छोटा मालवाहू टेम्पो आला. आमच्याजवळ थांबला. चालवणारे वयस्क गृहस्थ मामाजींचे चुलतभाऊ निघाले.

"कोन, वर्षाबाई काय? पायी काऊन जाऊन राह्यल्या?"

"हे माही बहीन हाये, काकाजी. बोलत बोलत चाललो," ताई म्हणाली. तिथल्या माणसांशी बोलताना तिची भाषा बदलते आणि आवाजही बारीक होतो.

"बसा. फाट्यावर सोडतो."

"नाई काकाजी, सायकल हाये ना सोबत."

"अवो, घडी होते म्हने ना ते! साऱ्या गावात तेच चालू हाये. पाहू बरं, कर बरं घडी."

ताईने माझ्याकडे पाहिलं. मग कडी उघडून घडी घातली. काकाजी खाली उतरून बघत होते, त्यांना मनापासून आनंद झाला होता. "वा रे वा," म्हणाले, ती उचलली आणि टेम्पोत ठेवली. झालं. आता चढण्यावाचून काही उरलं नव्हतं.

टेम्पो पुढच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधाशी, थांबला. तिथे वेचणाऱ्या बायकांना पाण्याचा ड्रम उतरवायचा होता. मग एका माणसाशी कापसाच्या भावाबद्दल बोलणं झालं. मग काकाजींनी आम्हाला हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून दिला, भाजीला. फाटा दिसायला लागला तेव्हा एसटी हायवेवरून मलकापूरकडे जात होती. ताई टेम्पोच्या दांड्याला धरून उभी होती. तिने हात केला नाही, हाक मारली नाही. पाला ओढणीच्या पदरात धरून ती एसटी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.

"पाहा, कसं पटकन आलो!" काकाजी म्हणाले.

त्यानंतर हे रोजचंच झालं. कधी दुधाची गाडी, कधी ट्रॅक्टर, कधी दोन मोटरसायकलवाले मिळून, एकावर ताई आणि दुसऱ्यावर सायकल. पुण्यात माझ्यासाठी रस्त्यात कुणी गाडी थांबवली तर मी घाबरून पुढे पळते. इथे ओळखीची बाई रस्त्याने जाताना दिसली आणि गाडी थांबवली नाही, तर तो माणूस वाईट. ती कुणाची सून आहे हे प्रत्येकाला माहीत. सगळे तिला मदत करत होते. सगळे आपापल्या वाटेने आणि आपापल्या वेळेने जाणारे होते.

"सरळ नाही म्हण ना," मी तिला म्हटलं.

"काय सांगू? साधी सायकल होती तेव्हा म्हणता यायचं, 'तुम्ही व्हा पुढं, सायकल कुठं ठेवता.' ते ऐकून लोक जायचे. आता ते आधी घडीच घालायला लावतात."

ती घडी मी दुकानात पुन्हा पुन्हा करून पाहिली होती.

मग मीच एक उपाय सुचवला: बिजागरी अडकली, घडी होत नाही, असं सांग. ताईने दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरवाल्याला तसं सांगितलं आणि खरोखर चालवत फाट्यावर गेली. एसटी मिळाली. त्या दिवशी आम्ही दोघी फोनवर खूप हसलो. संध्याकाळी चहाच्या वेळी अंगणात तीन माणसं आली. एकाच्या हातात पाना, एकाच्या हातात तेलाची बाटली. तिसरा नुसताच बघायला.

"सायकल जाम झाली म्हने सूनबाईची?"

त्यांनी सायकल मधोमध ठेवली, बिजागरीत तेल सोडलं, कडी ओढली. ती अर्थातच लगेच उघडली. "पाह्य बे, हात लागताच मोकळी झाली!" पाना घेऊन आलेला खूश झाला. आत्याबाईंनी सगळ्यांना चहा दिला. तेल ठिबकून अंगणातल्या सारवणावर एक काळा डाग पडला होता.

मामाजी बाजेवर बसून हे सगळं बघत होते. माणसं गेल्यावर ते म्हणाले, "बाई, रोज कोनाच्या ना कोनाच्या गाडीत जाऊन राह्यली तू?"

"लोकं थांबतात, मामाजी. नाई कसं म्हनू?"

"तेच म्हनतो मी. घरी गाडी असून आपली सून लोकाच्या गाडीत बसते, बरं नाई दिसत. उद्यापासून मी सोडतो फाट्यावर. सायकल मांगं टाकू, घडी होतेच."

त्यांच्या आवाजात जरासुद्धा राग नव्हता. आपण हे आधीच करायला हवं होतं, असा खेद होता. आत्याबाईंच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. ताई चहाचे कप गोळा करत होती. "हाव," म्हणाली.

मामाजींशी मी बोलायला हवं होतं असं आता पुण्यात बसून वाटतं. पण काय म्हणणार होते? तुम्ही इतकं चांगलं वागू नका?

शेत

एरवी शेताच्या कामात असलेली मामाजींची जुनी जीप आता पूजा, दूध आणि गड्यांना कामं सांगून झाल्यावर निघायची. ते मुद्दाम उशीर करत नव्हते, कापसाचे दिवस होते. रस्त्यात कुणी राम राम केला की गाडी थांबवायची, दोन शब्द बोलायचे, हे त्यांच्या वयाच्या माणसाला न करून कसं चालेल? एकदा एसटी गेली तर त्यांनी ताईला थेट मलकापूरपर्यंत नेऊन सोडलं. तोवर उपाशी आलेली माणसं चहा पिऊन परत गेली होती.

मी निघायच्या आदल्या दिवशी माझ्यासाठी शेतात रोडगे केले. गव्हाच्या कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकून फोडायचे, आत तूप, आणि बरोबर वांग्याची झणझणीत भाजी. यावेळी मला तिखट सोसलं. आत्याबाई ते बघून म्हणाल्या, "आता झाली आमची पोट्टी!" ताई लॅबमधून नेहमीपेक्षा लवकर आली आणि सरळ शेतात आली. सगळ्यांना वाढत होती, हसत होती. मामाजी माझ्या ताटात स्वतःच्या हाताने तूप ओतत होते. मी इतकं चांगलं जेवण बऱ्याच दिवसांत जेवले नव्हते.

परतताना

सकाळी जीपमध्ये आम्ही दोघी मागे आणि आमच्या मध्ये सायकल. मामाजींनी तिला ओरखडे पडू नयेत म्हणून स्वच्छ पोतं गुंडाळलं होतं. आधी मला स्टेशनवर सोडायचं, मग ताईला लॅबमध्ये. मामाजी बाहेर गाडीपाशी थांबले, ताई माझ्याबरोबर फलाटावर आली.

"मॅडमनी काल सांगितलं," ती म्हणाली. "नवी मुलगी आजपासून येतेय. त्यांचंही बरोबर आहे."

मी तिचा हात धरला. तो मी एरवी धरत नाही.

"मग आत्ता तू कुठे जाणार?"

"लॅबच्या दारात उतरीन. मामाजी गेले की सायकल उघडीन. इथे मला कोणी ओळखत नाही. संध्याकाळपर्यंत फिरीन."

"त्यांना सांगणार नाहीस?"

"सांगीन. दोन-चार दिवसांनी. मीच काम सोडलं म्हणून सांगीन. आपल्यामुळं गेलं असं कळलं तर त्यांना जेवण जाणार नाही."

मी म्हटलं, साधी सायकल घ्यायला हवी होती, घडी न होणारी. ती म्हणाली, "ती मग फाट्यावर कुठे ठेवली असती?" हे खरं होतं. तरीही माझं ते वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

गाडीची घोषणा झाली. तेवढ्यात मामाजी फलाटावर येताना दिसले, भराभरा, टोपी सावरत. मला वाटलं माझा निरोप घ्यायला येत आहेत. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, "ये वं पोरी परत," म्हणाले, आणि लगेच ताईकडे वळले. ते खरोखरच काळजीत होते.

"चाल बाई, लवकर चाल. दवाखान्यात उशीर होईन तुले."

"हाव मामाजी," ताई म्हणाली, आणि त्यांच्या मागोमाग घाईघाईने निघाली.